जपून ठेवा

पोळ्याच्या पाडव्याची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशीची गोष्ट. सेकंड इयरचा एक पोरगा प्रॅक्टिकलच्या आधीच माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत ओरडून त्याचा घसा बसलेला. हातात लिटरभराची बाटली, आत कोऱ्या चहासारखं पाणी.

"मॅडम, ह्ये पाहा ना. गोल गोल काहीतरी फिरून राह्यलं."

दर पावसाळ्यात अशा पंधरा-वीस बाटल्या येतात. बहुतेकांत डासांच्या अळ्या, चतुराची पिल्लं आणि डॅफ्निया म्हणजे पाणपिसू निघतो. मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे, बाटली पाहिली तर नाही. तरी पाहते. विभागात क्रस्टेशिया, म्हणजे झिंगे-खेकड्यांच्या गोतावळ्यातले प्राणी, ओळखणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. जे होते ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्याच नाहीत.

पाणी चहाच्या गाळणीतून ओतलं. महागडी जाळी लागत नाही, बारीक भोकांची स्टीलची गाळणी उत्तम. गाळणीत राहिलेलं वॉचग्लासमध्ये झटकलं आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली घेतलं. पहिल्या नजरेला वाटलं, ऑस्ट्राकॉड. तो चवळीच्या दाण्यासारखा फुगीर असतो, डबी बंद केल्यासारखं कवच मिटतो. हा मात्र चपटा होता, जवळजवळ गोल, मसुराच्या डाळीहून लहान आणि काचेसारखा आरपार. कवचावर बारीक वलयं. ऑस्ट्राकॉडला अशी वलयं नसतात. वलयंवाले हे प्राणी कात टाकतात पण कवच टाकत नाहीत. जुन्याच्या कडेला नवं जोडत जातात, म्हणून वलयं पडतात.

म्हणजे क्लॅम श्रिंप. नावात झिंगा असला तरी आपल्या मच्छी बाजारात टोपलीत येणारा झिंगा आणि हा, यांचं नातं फार लांबचं. तो दहा पायांच्या घराण्यातला, हा पानासारख्या पायांच्या. डॅफ्निया याला जास्त जवळची.

आजूबाजूच्या खड्ड्यांत क्लॅम श्रिंप सापडतात, त्यात नवल नाही. त्यांच्या माद्या कवचाखाली अंडी बाळगतात, अंडी चिखलात पडतात, पाणी आलं की त्यातून तीन जोड्या पायांची नॉप्लियस अळी निघते. मी अंडी बघायला म्हणून फोकस खाली-वर केला. पाठीकडच्या पोकळीत अंडी नव्हतीच. पिल्लं होती. नऊ. प्रत्येकाला एक काळा डोळा, आईसारखाच, दोन डोळे जुळून झालेला एक. त्यातलं एक पिल्लू आतल्या आत हललं.

मी डोळा आयपीसवरून काढला, चष्मा पुसला, परत लावला. नऊच.

अळी न होता आईच्या कवचातच वाढून, आईचीच छोटी प्रत होऊन बाहेर पडणारा क्लॅम श्रिंप एकच: सायक्लेस्थेरिया. त्याची सगळ्यात जुनी नोंद नागपूरची आहे. स्टीफन हिस्लॉप म्हणजे आपल्याकडे फक्त कॉलेजचं नाव. हा स्कॉटिश मिशनरी इथल्या डबक्यांत, दगडांत सतत काहीतरी शोधत असायचा. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या दगडांत त्याला क्लॅम श्रिंपचे जीवाश्मही मिळाले होते. त्याने इथून पाठवलेल्या जिवंत जातींवर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या विल्यम बेअर्डने १८५९ मध्ये निबंध लिहिला आणि त्यातल्या एकीला नाव दिलं एस्थेरिया हिस्लोपी. पुढे एस्थेरिया हे नाव एका माशीला आधीच दिलेलं निघालं. १८८७ मध्ये नॉर्वेच्या सार्स या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातून मागवलेला वाळका चिखल पाण्यात भिजवून त्यातून हाच प्राणी वाढवला आणि त्याला नवी प्रजाती (जीनस) दिली, सायक्लेस्थेरिया. मग तो आफ्रिकेत सापडला, ब्राझीलमध्ये सापडला, उष्ण कटिबंधात जिथे तिथे सापडला. शंभर वर्षं पुस्तकं लिहीत आली: जगभर एकच जात, हिस्लोपी.

२०१३ मध्ये जनुकं तपासली तेव्हा ती एक जात नाही असं निघालं. दिसायला सगळे सारखे, पण आतून इतके वेगळे की त्यांची फाटाफूट डायनासोरांच्या काळात, क्रिटेशसमध्ये झालेली. आता कधीतरी त्यांना वेगवेगळी नावं द्यावी लागतील. त्यातलं 'हिस्लोपी' कोणाकडे राहणार? ज्या प्राण्यावर नाव बांधलंय त्याच्याकडे. म्हणजे नागपूरच्या. संत्री आणि वाघ यांच्यापलीकडे नागपूरच्या नावाने जगात काही चालतं हे मला एम.एस्सी.त कळलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात मी हा प्राणी शोधत होते. अकरा वर्षं. तो एका पोराने बाटलीतून आणून दिला.

"कुठून आणलं रे?"

"आमच्याकडं, बुटीबोरीच्या अलीकडे. जुन्या वीटभट्टीचा खड्डा हाय. शेवाळ लय हाय त्याच्यात."

शेवाळ, गवत, दिवाळीपर्यंत टिकणारं पाणी. तशीच जागा हवी त्याला. मी आपली अकरा वर्षं पहिल्या पावसाच्या उथळ डबक्यांत फिरत होते. तिथे बाकीचे क्लॅम श्रिंप घाईघाईत जन्मून, अंडी घालून मरतात.

घंटा झाली. लागोपाठ तीन तास होते. प्रयोगशाळेचे काका टेबल पुसत होते. सत्तावीस वर्षं ते इथे आहेत. आमच्या संग्रहातली निम्मी लेबलं त्यांच्या अक्षरात आहेत, माझ्यापेक्षा सुबक. मी वॉचग्लास आणि बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

"काका, हे जपून ठेवा बरं. फार मोलाचं आहे."

"हो मॅडम, चिंता नका करू."

तीन तासांनी प्रयोगशाळेच्या दारातच वास नाकात शिरला. टेबलावर काचेची बरणी, आत एक्केचाळीस प्राणी, सगळे एका पातळीवर नीट बसलेले, बाहेर लेबल: 'क्लॅम श्रिंप (?)', तारीख, विद्यार्थ्याचं नाव. फॉर्मॅलिन. बाटलीतलं उरलेलं पाणी बेसिनमध्ये, बाटली धुऊन उपडी.

काकांना काय बोलणार? या खोलीत सत्तावीस वर्षं जपून ठेवणं म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. आम्हीच शिकवलं. फॉर्मॅलिन आकार जपतं, केसागणिक. पण डीएनए प्रथिनांशी जखडून टाकतं, त्याचे तुकडे पाडतं. आणि जगभरातल्या सायक्लेस्थेरियांत फरक आहे तो आकारात नाही, डीएनएत आहे. म्हणजे माझ्या हातात एक्केचाळीस उत्तम जपलेले प्राणी होते, जे ब्राझीलच्या प्राण्यासारखेच दिसतात एवढंच सिद्ध करता आलं असतं.

तीनच तास झालेत, अजून काही वाचेल, म्हणून अर्धे काढून धुतले. आता ॲबसोल्यूट अल्कोहोल हवं. ते कपाटात. कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे, कारण अल्कोहोल परवान्यावर येतं आणि रजिस्टरमध्ये मिलिलिटरचा हिशेब लागतो. विभागप्रमुख कुठल्याशा समितीच्या तयारीच्या बैठकीत. फॉर्मॅलिन, ज्याने माणसाला कॅन्सर होतो, ते उघड्या फळीवर पाच लिटरच्या कॅनमध्ये. अल्कोहोल कुलपात, कारण कोणी पिऊन टाकेल. मी बैठकीच्या खोलीत शिरले. सर म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं." चाळीस मिनिटांनी किल्ली मिळाली. वीस प्राणी अल्कोहोलमध्ये गेले. त्यातून काय निघेल ते निघेल.

आणि खड्डा तर होताच. पोराला स्कूटीवर मागे बसवलं आणि वर्धा रोडने निघालो. टाकळघाटचा फाटा तिथून फार लांब नाही. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीला परतताना हिस्लॉप रात्री पुराच्या नाल्यात बुडाला, १८६३ च्या सप्टेंबरात. हे मी वाटेत पोराला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ह्यो आमच्याच इकडचा माणूस व्हय." मला बरं वाटलं.

खड्ड्याच्या जागी डंपर उभा होता. दोन-तृतीयांश खड्डा मुरमाने भरलेला, तिसरा डंपर रिकामा होत होता.

"काहून बुजवून राह्यले भाऊ?" पोराने विचारलं.

"प्लॉट पडून राह्यले ना आता. अन् लोकच म्हणत व्हते, मच्छर लय झाले." ड्रायव्हरने माझ्या हातातल्या गाळणीकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही महानगरपालिकेच्या काय?"

पाणी दिसलं की मच्छर, ही आपली एवढीच जलजीवशास्त्राची समज. तरी त्या माणसाने गाडी दहा मिनिटं थांबवली. राहिलेल्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी होतं, मुरमाने लाल गढूळ झालेलं. मी आणि पोरगा गाळणी मारत राहिलो. डास, डॅफ्निया, एक बेडूक. एकही गोल नाही. शेवटी काठाचा वरचा दोन बोटं चिखल खुरप्याने काढून दोन पिशव्यांत भरला.

चिखल घरी गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवला. सासूबाईंनी विचारलं, तुळशीसाठी का? मी हो म्हटलं. आता तो दोन बरण्यांत पाण्याखाली आहे, प्रयोगशाळेच्या उजेडाच्या खिडकीत, सार्सने केलं तसंच. आज एकोणिसावा दिवस. तेराव्या दिवशी काहीतरी तरंगताना दिसलं आणि मी तास अर्धा सोडून आले. ऑस्ट्राकॉड होता.

काका रोज सकाळी माझ्या आधी बरण्यांपाशी जातात. "निघालं काय मॅडम?" त्यांनी फॉर्मॅलिनचा कॅन न सांगता खालच्या कपाटात हलवलाय. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की त्या दिवशी नेमकं काय झालं. बहुधा त्यांना कळलंय.

अल्कोहोलमधल्या वीस प्राण्यांच्या बाटलीवर आतून घालायची चिठ्ठी मी पेन्सिलीने लिहिली. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्या पोराचं नाव. जातीच्या नावापाशी थांबले. हे नाव ज्याचं आहे तो प्राणी नागपूरचा, हाही नागपूरचा. मग यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं तरी कसं? आणि नागपूरच्या डबक्यांत दोन जाती असल्या तर? बरणीवरचं काकांचं कंसातलं प्रश्नचिन्ह खोडावं म्हणून दोनदा रबर हातात घेतलं. ते अजून तसंच आहे.