कॅडमधला पत्रा आणि प्रेस ब्रेकवरचा पत्रा

पत्र्याच्या कामात कॅडचा (संगणकावर डिझाइन करण्याच्या सॉफ्टवेअरचा) सर्वांत मोठा फायदा फ्लॅट पॅटर्नचा, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याच्या आराखड्याचा. पॅनेलची उंची बदलली की उलगडलेला पत्रा, बेंडच्या रेषा आणि कापण्यासाठी लेझर मशीनला जाणारी डीएक्सएफ ही ड्रॉइंगची फाइल, सगळं त्यासोबत बदलतं. हातानं हे करताना एखादं माप जुनंच राहून जायचं.

पण घात होतो तो के-फॅक्टरमध्ये. वाकताना जो थर ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही, तो आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, ते हा आकडा सांगतो. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, ९० अंशांचा बेंड घ्या. के-फॅक्टर ०.४४ धरला तर बेंडमध्ये ४.५२ मिमी पत्रा जातो, ०.५ धरला तर ४.७१. फरक क्षुल्लक वाटतो, पण चार बेंडच्या पॅनेलमध्ये तो पाऊण मिमी होतो आणि झाकणाची भोकं जुळत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र चूक दाखवत नाही, कारण त्याच्या हिशेबात सगळं बरोबरच असतं.

त्यात प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या मशीनवर, १२ ऐवजी १६ मिमी रुंद खाचेची व्ही-डाय (ज्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात तो साचा) लावली, तर आतली त्रिज्या २ वरून साधारण २.६ वर जाते. म्हणून डाय कोणती, हे ड्रॉइंगवर लिहायलाच हवं.

उपाय सोपा आहे. त्याच पत्र्याची १०० मिमी पट्टी त्याच डायवर मधोमध वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०३.५ आली, तर के-फॅक्टर सुमारे ०.४३. तोच सॉफ्टवेअरमध्ये भरा. प्रत्येक जाडीची आणि डायची पट्टी वेगळी. स्टेनलेसला माइल्ड स्टीलचा आकडा वापरू नका.