तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे मुलीला घालू का?

एमबीएची सीईटी झाली आणि कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेऱ्यांच्या, तारखा लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. बाबांच्या शाळेतले सर, आत्याच्या शेजारच्या काकू, ऑफिसातला शिपाईदादा, कारण त्याची पुतणी बीकॉम झाली आहे. सगळ्यांचं एकच: "ताई, तुम्ही एमबीए केलंत त्या कॉलेजात मुलीला घालू का?" मी "तसं बरं आहे" असं काहीतरी पुटपुटते. मग दुसरा प्रश्न ठरलेला: "बरं होतं, तर तुम्ही कोणाला त्याचं नाव का सांगत नाही?"

आता एकदाच लिहून टाकते. एमबीएला पुण्याला का गेले नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी घरी काय चाललं होतं ते पुन्हा उगाळत नाही.

आधी तुमच्या मनात जे आहे ते बोलून टाकू. हो, वर्ग रिकामा असायचा. मान्यता ६० जागांची, २०२२ च्या आमच्या बॅचला भरल्या २२, आणि त्यातलेही निम्मे द्राक्षांची छाटणी निघाली की गायब. हो, लायब्ररीत कोटलरचं मार्केटिंगचं पुस्तक होतं, पण घरी न्यायला द्यायचे नाहीत. आणि हो, कॉलेज तपासायला कमिटी यायची त्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही कधी न पाहिलेली माणसं टाय लावून बसलेली असायची. त्यातल्या एका मॅडमनी मला कॉरिडॉरमध्ये हळूच विचारलं, "अगं, इथे एचआर कोण शिकवतं?" कागदोपत्री त्याच शिकवत होत्या.

पण म्हणून "डिग्री वाटायचं दुकान" म्हणाल, तर ते मी ऐकून घेणार नाही. विद्यापीठ तेच, अभ्यासक्रमाचा २०१९ चा पॅटर्न तोच, पुण्यातल्या संलग्न कॉलेजातल्या मुलांनी जो पेपर सोडवला तोच आम्ही सोडवला. आता खरं सांगायचं तर तो पेपर ५० मार्कांचा. उरलेले ५० इंटर्नलचे, ते कॉलेजच्या हातात, आणि आमचं कॉलेज त्या बाबतीत कर्णाचा अवतार होतं. माझ्या मार्कशीटवर जाऊ नका, एवढंच म्हणते.

निरोप समारंभात मी माइकवर म्हणाले होते, "लहान वर्ग म्हणजे प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष." टाळ्या पडल्या. आज ते वाक्य मला पटत नाही. तीन-तीन विषय एकाच मॅडमच्या गळ्यात मारलेले, त्या बिचाऱ्या तिन्हींच्या नोट्स फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो. याला वैयक्तिक लक्ष म्हणायचं असेल तर म्हणा. लक्ष दिलं ते एका सरांनी. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच मी इतके दिवस ते टाळत आले.

सर पहिल्या सेमिस्टरला मॅनेजेरियल अकाउंटिंग शिकवायचे. एमकॉम, काही वर्षं साखर कारखान्याच्या अकाउंट्स विभागात काढलेली, रोज गावाहून मोटरसायकलवर यायचे. पुस्तक हातात धरायचे नाहीत. ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कुठे होतो ते, शिकवायला त्यांनी आमच्या मेसवाल्या काकू घेतल्या. महिन्याचा डबा २,४०० रुपये. त्यात पीठ, तेल, भाजी, गॅस मिळून १,६०० जातात. म्हणजे एका डब्यामागे काकूंच्या हातात राहतात ८००. हे कॉन्ट्रिब्युशन. जागेचं भाडं आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा पगार धरून महिन्याला १६,००० ठरलेले; डबे शून्य असले तरी द्यायचेच. सोळा हजाराला आठशेने भागा. विसावा डबा गेला की काकूंचं नुकसान थांबतं आणि एकविसाव्यापासून त्या कमवायला लागतात. "म्हणून सुट्टीत तुम्ही आठ जण घरी पळालात की काकू चिडतात. तुमच्यावर राग नसतो, कॉन्ट्रिब्युशन गेल्याचा असतो." माझ्या शेजारच्या मुलीने, जी बीए होऊन आली होती आणि डेबिट-क्रेडिटला घाबरायची, तिने त्या दिवशी वहीत ते स्वतःहून पुन्हा मांडलं, पोळ्यावाल्या बाईंचा पगार वाढवून.

पुढच्या तासाला प्रत्येकाने आपल्या माहितीतला एक धंदा मांडून आणायचा होता. एकाने पोल्ट्री आणली, एकीने ब्युटी पार्लर, एकाने मामाचं खतांचं दुकान. मी कॉलेज मांडलं.

यात बंडबिंड काही नव्हतं. आकडे हाताशी होते, म्हणून. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली असते, ती नोटीस बोर्डावर लागते: आमची ७०,०००. आमचे २२ आणि सीनियर १९ मिळून डोकी ४१. एका विद्यार्थ्यामागचा सुटा खर्च मी ५,००० धरला, म्हणजे कॉन्ट्रिब्युशन ६५,०००. मग ठरलेला खर्च. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा नियम, दोन वर्षांची मान्यता १२० ची, म्हणजे शिक्षक सहा. पगार ४५,००० धरला, वर्षाचे ३२ लाख ४० हजार. डायरेक्टर ९ लाख ६० हजार, ऑफिस आणि शिपाई ५ लाख ४० हजार, वीज, संलग्नता, लायब्ररी वगैरे ४ लाख ६० हजार. एकूण ५२ लाख. भागिले ६५,०००. उत्तर ८०.

"आणि आपण ४१," मी म्हणाले. वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे कॉलेज बुडालं की."

सर हसले नाहीत. फळ्याजवळ आले, माझ्या ४५,००० वर बोट ठेवून म्हणाले, "हा आकडा कुठला?" मी म्हटलं, "अंदाजे धरला, सर." त्यांनी डस्टर घेतलं नाही, तळहातानेच तो आकडा पुसला आणि तिथे २२,००० लिहिले. मग शेजारचा ६ पुसला, तिथे ३ लिहिला. खडू माझ्या हातात परत दिला. "आता कर."

मी केलं. शिक्षकांचा पगार ७ लाख ९२ हजार. एकूण २७ लाख ५२ हजार. भागाकार बेचाळीसच्या थोडा पुढे जातो, म्हणजे ४३.

४३ ला ४१. दोन कमी.

वर्गात कोणी बोलेना. तीन आणि बावीस हजार हे आकडे सरांनी कुठून आणले, ते विचारायची गरज नव्हती. सर म्हणाले, "हे झालं नफा-तोट्याचं. आता पैसा कधी येतो ते बघा. तुमच्यातल्या किती जणांची निम्मी फी महाडीबीटीवरून, सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, यायची आहे? हात वर करा." जवळपास सगळेच हात वर. "ती यायला वर्ष उलटतं. पोळ्यावाल्या बाईंना काकू वर्षभर थांबा म्हणू शकतात का? इथे आम्हा शिक्षकांना म्हणतात. पुढचा तास कॅश फ्लोचा." आणि हजेरी घेऊन गेले.

दोन वर्षांत मी जे काही शिकले ते त्या तासाला. पुढचं सांगायला मला आवडत नाही.

कोणीतरी फळ्याचा फोटो काढला होता. तो आधी वर्गाच्या ग्रुपवर, तिथून सीनियर्सच्या, आणि दुपारपर्यंत संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या मोबाइलवर. मला केबिनमध्ये बोलावलं. "कॉलेजात शिकायला येता की कॉलेजचा हिशेब करायला?" मी गप्प. फळ्यावर माझं अक्षर होतं, मधले दोन आकडे तेवढे सरांचे. साहेबांनी फोटो बोटांनी मोठा केला आणि नेमके तेच दोन आकडे मला दाखवले: "हे कोणी लिहिलं?" मी म्हणाले, "उदाहरण म्हणून होतं." त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर पुन्हा दिलं. मग "जा" म्हणाले.

कॅश फ्लोचा तास झाला, आणि तो सरांनी पुस्तकातून घेतला. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवल्याचं ऑफिसातल्या दादांनी सांगितलं. सेमिस्टर संपल्यावर सर दिसले नाहीत. फायनान्सचे पुढचे विषय घ्यायला बाहेरून एक सीए यायचे, म्हणजे यायचे असं म्हणायचं.

आमच्या बॅचमधले दोघं-तिघं अजूनही म्हणतात, "तुझ्यामुळे सर गेले." फोटो मी काढला नव्हता. आकडे मी बदलले नव्हते. पगार मी थांबवला नव्हता. हे मी इतक्यांदा म्हणून झालंय की आता मलाच ते वकिली वाटतं. दुसरा एक मित्र म्हणतो, सरांनी दुसरीकडे आधीच बोलणी केली होती, जायचंच होतं म्हणून तर बोलले. तसं असेलही. सरांना विचारायला मी फोन केला होता. त्यांनी माझ्या इंटर्नशिपची चौकशी केली, प्रोजेक्टला वर्किंग कॅपिटलचा विषय घे म्हणाले, आणि फोन ठेवला.

तेव्हा मी स्वतःशी असं म्हणायची की हे अशा लहान कॉलेजातच होऊ शकतं. साठ जणांचा भरलेला वर्ग, पीपीटीवर हार्वर्डची केस, अमेरिकेतल्या कंपनीने काय करायला हवं होतं यावर हिरीरीने चर्चा. तिथे कोणी आपल्याच संस्थेचा ताळेबंद काढून बघत नाही. आमच्याकडे लपायला जागा नव्हती, विद्यार्थ्यांना नाही आणि शिक्षकांनाही नाही. हा युक्तिवाद मला फार आवडायचा. आता त्यातली गोम दिसते. कॉलेज लहान होतं म्हणून तो तास झाला, आणि लहान होतं म्हणूनच सरांचा पगार थांबला होता. मी कौतुक नेमकं कशाचं करत होते? आणि उलट बाजूने, पगार वेळेवर झाला असता तर सरांनी तळहाताने आकडा पुसला असता का? त्यांनी मला ८० हेच उत्तर बरोबर म्हणून दिलं असतं, आणि मी ते घेऊन खूश झाले असते. यातलं मला अजून काही सुटलेलं नाही. तुम्ही फोनवर दोन मिनिटांत उत्तर मागता, म्हणून चिडचिड होते.

"उपयोग झाला का?" हा तुमचा लाडका प्रश्न. झाला. मी आता नाशिकमध्ये एका फायनान्स कंपनीत कर्जाच्या फायली बघते. डेअरीवाले, गॅरेजवाले, खानावळवाले येतात. सीएने करून दिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट बाजूला ठेवून मी विचारते, महिन्याला किती गिऱ्हाईक आलं की भागतं? ज्याला हा आकडा तोंडपाठ असतो, त्याची फाइल मी आधी घेते. पण ही नोकरी कॅम्पसमधून लागली नाही. पूल कॅम्पससाठी, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र मुलाखतींसाठी, आम्हाला गाडी करून दुसऱ्या कॉलेजात नेलं होतं. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि फॉर्म घेऊन परत पाठवलं. ही माझी मी शोधली. तेव्हा "प्लेसमेंट शंभर टक्के" असं माहितीपत्रकात वाचलंत तर हसून पान उलटा.

आता मुलीच्या फीबद्दल. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. मी बाहेर पडले त्याच वर्षी हे झालं, माझं नशीब. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. "राउंडला कशाला थांबता, इन्स्टिट्यूट लेव्हलला या, लगेच करून देतो" असं कोणी गोड बोलून सांगितलं तर त्या, कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर ही सवलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

या सवलतीमुळे आमच्या कॉलेजात आता पहिलं वर्ष बऱ्यापैकी भरतं असं ऐकते. ४३ कधीच ओलांडले असतील. पण मुलीची माफ झालेली फी कॉलेजला सरकारकडून यायची असते, म्हणजे पूर्वी निम्मी अडकायची ती आता अख्खी. सरांनी पुस्तकातून उरकलेला कॅश फ्लोचा तास खरं तर हाच होता. म्हणून चौकशीला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. स्टाफरूममध्ये जा, अकाउंट्स शिकवणारं माणूस कोण ते शोधा आणि शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा झाला ते विचारा. शिपाईदादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, असं कसं विचारायचं?" मग त्यांनी स्वतःच बाहेरच्या चहावाल्याला विचारलं, की इथल्या मास्तरांची उधारी किती आहे. उधारी बरीच निघाली. पुतणीने कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज तरीही दुसऱ्या नंबरला टाकलंय, कारण पहिल्याला रोज जायला बस नाही.