आमचा कर्ण कबड्डी खेळायचा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा फोन आला तेव्हा आधी तेच सगळं डोक्यात आलं जे बाकीचे नक्की लिहिणार, म्हणजे छड्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, गॅदरिंगचे नाच. ते मी सोडून देते. मला लिहायचंय लायब्ररीबद्दल, आणि खरं तर लायब्ररीबद्दलही नाही, त्या पुस्तकांमधली माणसं आम्हाला दिसायची कशी त्याबद्दल.

आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकांना कव्हरं नसायची हे किती जणांना आठवतंय? नवीन पुस्तक हातोहात फिरून खिळखिळं झालं की सुट्टीत गठ्ठा बांधून बाइंडरकडे जायचा आणि परत यायचा तेव्हा सगळी पुस्तकं एकसारखी, जाड पुठ्ठा, वर अबरी म्हणजे रंगीत लाटांच्या नक्षीचा कागद, पाठीला काळी कापडी पट्टी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर. मूळ कव्हर कुठे जायचं देव जाणे. आतली चित्रं तर त्याच्या आधीच कुणीतरी ब्लेडने कापून वहीत चिकटवलेली असायची (कोण ते मला माहीत आहे, पण आता ती व्यक्ती मुख्याध्यापिका आहे, दुसऱ्या शाळेत, त्यामुळे जाऊ दे). मुद्दा असा की पुस्तकातला माणूस दिसतो कसा हे सांगायला पुस्तकावर काहीच नसायचं. ते आपलं आपणच ठरवायचं, आणि ठरवायचं कशावरून तर गावात आणि शाळेत जे चेहरे होते त्यांच्यावरून, दुसरा स्टॉकच नव्हता ना आपल्याकडे.

म्हणजे मृत्युंजय घ्या. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 ची, आमच्या हातात आली तोवर तिची दोन-तीनदा तरी बाइंडिंगं झालेली असणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती वाचायला घेतली आणि पहिल्या काही पानांतच माझा कर्ण ठरला. आमच्या पुढच्या वर्गातला कबड्डीचा कॅप्टन! कारण एकच, त्याच्या एका कानात सोन्याची बाळी होती, कुठल्याशा नवसाची. आता कादंबरीतला कर्ण तेजस्वी, जन्मतःच कवचकुंडलं घेऊन आलेला, आणि आमचा कॅप्टन सावळा, गुडघे कायम फुटलेले, आणि कुंडल एकच. पण मन असल्या गोष्टीत काटेकोर नसतं हो, एक खूण जुळली की बाकीचं आपोआप धकून जातं. पुढे 1988 मध्ये टीव्हीवर महाभारत सुरू झालं, पंकज धीर कर्ण झाले, भारदस्त माणूस, मुकुट, दागिने, सगळं व्यवस्थित. रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसलं की कर्ण म्हणजे पंकज धीर हे मला पूर्ण मान्य असायचं आणि दुपारी पुस्तक उघडलं की परत आमचा कॅप्टनच रथाचं चाक चिखलातून ओढतोय. दोघांचं कधी भांडण झालं नाही. सदर कॅप्टनला हे अजून माहीत नाही, स्मरणिका वाचली तर कळेल.

मजा म्हणजे वर्गात प्रत्येकीचा कर्ण वेगळा निघाला, एकीचा तर चक्क पीटीचे सर. आणि त्यावरून आम्ही भांडलोय, अगदी रडेपर्यंत, की तुझा कर्ण असा कसा असू शकतो. दुर्योधनाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं, नाव सांगत नाही.

माणसांचं जे तेच जागांचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, मी तोवर पुणं बघितलेलं नव्हतं, मग विद्याभवन म्हणजे आपलीच शाळा, तीच कौलं, तोच गळका व्हरांडा, आणि बन्या, म्हणजे फेणेच, सायकल दामटत सुटायचा तो आपल्या एसटी स्टँडपासून पोस्टाच्या उतारापर्यंत. हस्तिनापूरचा राजवाडा तहसील कचेरीत. नंतर नोकरीसाठी पुण्यात आले, फुरसुंगीही बघितली (बन्या मूळचा तिथला), पण आत्ताही फास्टर फेणे वाचायला घेतला की तो आपल्याच उतारावरून खाली येतो. इतकी वर्षं पुण्यात राहून काही उपयोग नाही.

आता फास्टर फेणेचंच बोलतोय तर एक गंमत करून बघा. तो किडकिडीत आहे, ट्टॉक् करतो, सायकल आणि तो वेगळे काढता येत नाहीत, हे सगळं पाठ आहे ना आपल्याला? मग त्याचं नाक कसं आहे सांगा. कपाळ रुंद की अरुंद? सांगता येत नाही. मला वाटायचं की मला तो लख्ख दिसतोय, पण एकदा चित्रकलेच्या तासाला आवडत्या पुस्तकातलं पात्र काढा म्हणून सांगितलं तेव्हा अर्ध्या वर्गाने सायकल काढली आणि वर पाठमोरा मुलगा! सर चिडले, की चेहरा काढायचा कंटाळा. कंटाळा नव्हता सर, चेहरा नव्हताच. वाचताना आपल्याला पूर्ण माणूस दिसत नसतो, एखादी हालचाल, आवाज, चालण्याची ढब एवढंच असतं, आणि त्यावर आपण समजून चालतो की सगळं दिसलं.

श्यामची आई हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, घराघरात वाचलं गेलं, आणि आई दिसायला कशी म्हणून विचारलं तर आठवतात ते तिचे हात, आठवतं ते श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तिने दगडावर पसरलेलं लुगडं. चेहऱ्याच्या जागी ज्याने त्याने आपापली आई नाहीतर आजी बसवलेली. मग 1953 ला अत्र्यांचा सिनेमा आला आणि एका अख्ख्या पिढीसाठी ती आई म्हणजे वनमालाबाई झाल्या, कायमच्या. माझ्या मावशीने सिनेमा आधी बघितला आणि पुस्तक नंतर वाचलं, ती म्हणते तिला पुस्तकसुद्धा ब्लॅक अँड व्हाइट दिसतं. मला खोटं नाही वाटत.

आमच्या घरात तर चिमणरावावरून तीन पार्ट्या आहेत. चिं. वि. जोशींचा चिमणराव वडिलांना दिसतो तो दामुअण्णा मालवणकरांसारखा, सरकारी पाहुणे नावाचा 1942 चा सिनेमा होता त्यातला, तो वडिलांना आजोबांकडून वारशाने आलेला. मला तो दिलीप प्रभावळकर सोडून दुसरा दिसूच शकत नाही आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, दूरदर्शनने ते डोक्यात असं छापून ठेवलंय की पुस्तकातलं वाक्य वाचलं तरी प्रभावळकरांच्या आवाजात ऐकू येतं. आणि माझ्या मुलीने यातलं काहीच बघितलेलं नाही, तिने थेट पुस्तक वाचलं, तर तिचा चिमणराव आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मला विचाराल तर तिचाच सगळ्यात अस्सल आहे. फास्टर फेणेच्या बाबतीत मात्र ती हरली. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता, पण तो निदान शाळकरी तरी होता, हिने 2017 चा अमेय वाघचा सिनेमा आधी बघितला, त्यात फेणे मेडिकलची एंट्रन्स द्यायला पुण्यात येतो, त्यामुळे तिला पुस्तकातला हाफपँटवाला पोरगा पटतच नाही.

म्हणजे चित्रं वाईट असं मी म्हणत नाहीये. शाळेबाहेर आम्हालाही कव्हरं भेटायचीच, काका आणायचा ती बाबुराव अर्नाळकरांची झुंजार आणि काळापहाडची रहस्यकथांची पुस्तकं, वर रघुवीर मुळगावकरांची चित्रं, बघत राहावीत अशी. फक्त त्यातली नायिका इतकी गोरीपान आणि गुळगुळीत की आमच्या गावात तिला बसवायला चेहराच मिळायचा नाही. घरातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मीही मुळगावकरांचीच, दोघी सख्ख्या बहिणी वाटायच्या, आणि लक्ष्मीच्या बहिणीवर कुणी पिस्तूल रोखलंय म्हटल्यावर काळजी वाटण्याऐवजी हसू यायचं.

हे सगळं मी मागच्या महिन्यात गेट-टुगेदरला सांगत होते तर आमच्या बॅचची एक मैत्रीण, मराठीत कायम पहिली येणारी, शांतपणे म्हणाली की मला वाचताना काहीच दिसत नाही, कधीच दिसलं नाही, मला वाटायचं डोळ्यासमोर उभं राहतं हे तुम्ही नुसतं म्हणायचं म्हणून म्हणता. आम्ही उडालोच. नंतर शोधलं तर अशी माणसं असतात, 1880 मध्ये गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल डोळ्यासमोर आणा म्हणून सांगितलं होतं तर बरेच जण, त्यात चांगले नावाजलेले शास्त्रज्ञ, म्हणाले आम्हाला काही दिसत नाही. त्याला अफँटेशिया हे नाव मात्र 2015 ला मिळालं, अ‍ॅडम झेमन या ब्रिटिश डॉक्टरांनी दिलं. मी तिला विचारलं, मग कर्ण मेला तेव्हा तू रडलीस कशी, रडताना मी बघितलंय तुला. ती म्हणाली अगं दिसायला कशाला पाहिजे, मला तो माहीत होता की. आणि वर म्हणे, सिनेमा बघून पुस्तकाचा अपेक्षाभंग वगैरे तुमचं जे होतं ते माझं कधीच झालं नाही, खर्च वाचला. कर्णासाठी आम्ही वर्गात एवढे भांडलो तेव्हा ही बाजूला डबा का खात बसायची ते आत्ता कळलं.

असो, शब्दमर्यादा केव्हाच संपली. लायब्ररीसाठी मी थोडी पुस्तकं पाठवते आहे, मृत्युंजय आहे, चिमणराव आहे, फास्टर फेणेचा सेट आहे, सगळी कोरी आणि सगळ्यांवर झकास रंगीत कव्हरं. ती तशीच पाठवू का इथल्या बाइंडरकडून पुठ्ठा घालून पाठवू, हे ग्रंथपाल मॅडमनी प्लीज कळवावं. अबरी कागद मिळतोय अजून, मी विचारून ठेवलंय.