सोलापूरहून विमान गाठायला हेलिकॉप्टर घ्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच असतो: पुण्याहून किंवा मुंबईहून विमान पकडायचं आहे, रस्त्यात अर्धा दिवस जातो, तर सोलापुरातून हेलिकॉप्टरनं थेट विमानतळ गाठता येईल का, आणि ते परवडेल का? गाठता येतो. परवडेल की नाही हे बघताना आधी आपलं विमान किती वाजता सुटतं ते बघा, खर्चाचं नंतर.

भाड्याची हेलिकॉप्टरं साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात, जमीन डोळ्यांना दिसत असतानाच उडतात. अमेरिका-युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे लाखो रुपये मोजून संध्याकाळी सहाला जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरायचं, तिथून पुन्हा गाडीनं टर्मिनल गाठायचं आणि सात-आठ तास बसून काढायचे. अशा प्रवासाला आमचं उत्तर सरळ ‘नको’ असतं. सकाळची वंदे भारत दुपारी मुंबईत पोचवते. शिवाय सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं आहे, त्याचे वार आणि वेळ आधी बघा.

दुपारचं विमान पुण्याहून असेल तर मात्र विचार करण्यासारखं आहे. सोलापूर ते लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हवेतून साधारण २३५ किलोमीटर; बेल ४०७ सारख्या मशीनला (हेलिकॉप्टरला) तासाभराचं उड्डाण. त्यात घरून होटगी रोड, तपासणी आणि बसणं यांची ४० मिनिटं धरा. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, उतरण्याची वेळ आधी मागून घ्यावी लागते. उतरल्यावर व्हॅननं बाहेर येऊन पुन्हा सगळ्यांसारखं टर्मिनलमध्ये शिरायचं असतं. हेलिकॉप्टरनं आलात म्हणून चेक-इन किंवा सुरक्षा तपासणी टळत नाही. यालाही अर्धा तास लागतो. एकूण सव्वादोन ते अडीच तास. गाडीनं पाच. खरी बचत एवढीच.

आता बिल. बंगळुरूत २०१८ साली इलेक्ट्रॉनिक सिटी ते विमानतळ अशी सेवा निघाली, तेव्हा एका सीटचं भाडं साडेतीन हजार अधिक कर होतं. ते जमलं कारण मशीन त्याच शहरात मुक्कामाला होतं आणि खर्च सीटवर वाटला जात होता. सोलापुरात अख्खं मशीन घ्यावं लागतं, आणि बाहेरगावच्या जीपसारखं त्याचं रिकामं येणं-जाणंही आपल्याच माथी. जुहू ते सोलापूर ३६० किलोमीटर रिकामं, सोलापूर ते पुणे तुम्ही, पुणे ते जुहू १२५ पुन्हा रिकामं. तुमचा एक तास, बिल तीन तासांचं. एका इंजिनाच्या मशीनचाही तासाचा दर लाखाच्या पुढं असतो, वर कर आणि उतरण्याचे आकार. म्हणून कोटेशनमध्ये ‘पोझिशनिंग’, म्हणजे हे रिकामं येणं-जाणं, किती तास धरलंय हे पहिल्यांदा विचारा. मशीन आधीच पुण्यात असेल तर हा आकडा तासभराहून जास्त खाली येतो.

सामानावर बहुतेकांचं गणित फसतं. बेल ४०७ मध्ये पायलट सोडून सहा माणसं बसतात हे खरं, पण मागची डिकी अर्ध्या घनमीटरहून लहान आणि तिची मर्यादा साधारण ११३ किलो. अमेरिकेला निघालेल्या सहा जणांच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा म्हणजे २७६ किलो. ते बसणारच नाही. मोठ्या बॅगा घरच्या कुणाबरोबर पहाटेच गाडीनं पुढं काढा, हेलिकॉप्टरमध्ये मऊ हातपिशव्या ठेवा. प्रत्येकाचं वजन कपड्या-चपलांसकट खरं सांगा. पायलट त्यावरच इंधन ठरवतो, आणि दहा-दहा किलो लपवणारे चौघं निघाले तर एक माणूस खाली उतरवायची वेळ येते.

उन्हाळ्यात तर वजनाचा प्रश्न जास्तच. होटगी रोडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हवा इतकी विरळ होते की मशीनच्या लेखी ते सुमारे १,६०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर असतं. पंख्याची पकड घटते, इंजिनाचा दम घटतो. सकाळी आठला सहा जणांना घेऊन उठणारं मशीन दुपारी दोनला चौघांवर येऊ शकतं.

‘आमच्या शेतातूनच उचला’ असा आग्रह पुष्कळांचा असतो. जागामालकाची संमती, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी, पोलिसांना कळवणं, हे होतं. अडचण जमिनीची आणि तारांची. काळी माती कोरडी असली तर धुळीत पायलटला काही दिसत नाही, जास्त पाणी मारलं तर स्किड (ज्यावर हेलिकॉप्टर टेकतं त्या खालच्या दांड्या) रुततात; मुरुमाची दाबलेली जागाच हवी. उसाचं पाचट, मांडवाचं कापड, प्लास्टिक सगळं आधी उचलायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताच खाली आलं, तेव्हा तेही तारांना लागलं. सगळे बचावले हे नशीब. विमानतळ शहराला लागून असताना शेताचा हट्ट कशाला? आणि कुठूनही बसा, मशीनकडे पायलटला दिसेल असं समोरून जा, शेपटीकडे कधीच नको. फेटा, उपरणं, पदर आधी आवरा.

धुकं असेल तर थांबायचं. २ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी पुण्यातल्या बावधनला धुक्यात उडालेलं हेलिकॉप्टर लगेच कोसळलं, तिघे गेले. पायलट ‘नाही’ म्हणाला की आग्रह करू नका, पण त्यासाठी गाडी दारात हवी. विमान साडेतीनचं असेल तर काउंटर अडीचला बंद होतो. रस्त्याचे पाच तास आणि तासभर हाताशी धरला की निर्णय साडेआठलाच व्हायला हवा. त्या वेळी पुण्याचं आकाश मोकळं नसेल तर सरळ गाडीत बसा. रद्द झाल्यास किती पैसे परत, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी शेवटचं एक. कंपनीकडून डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवान्याची प्रत मागवा आणि येणाऱ्या मशीनचा ‘व्हीटी’नं सुरू होणारा क्रमांक त्यात आहे का हे ताडून पाहा. खासगी वापराचं मशीन भाड्यानं दिलं जात असेल तर दर कमी असतो, पण अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो.