पाच इंचांचं छप्पर

सिएटलचा पाऊस धो धो कोसळत नाही, रिपरिप लावून बसतो. बेसबॉलला तेवढं पुरतं, खेळ खोळंबतो. म्हणून 1968 साली तिथल्या मतदारांनी चार कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले आणि मार्च 1976 मध्ये किंगडोम हे छप्पर असलेलं स्टेडियम उभं राहिलं. खर्च तोवर पावणेसात कोटींच्या घरात गेला होता.

त्याचं छप्पर मात्र बघण्यासारखं होतं. 660 फूट व्यास आणि मधे एकही खांब नाही. काँक्रीटच्या 40 बरगड्या माथ्यावरच्या कड्यापासून खाली उतरत घेराच्या कड्याला भिडायच्या. वरचं कडं दाब झेलायचं, खालचं ताण. बरगड्यांच्या मधलं काँक्रीट जेमतेम पाच इंच जाड! आकाराच्या मानाने अंड्याचं कवचसुद्धा याहून कितीतरी जाड भरेल.

खाली मात्र सगळी तडजोड. बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उलगडतं, चांगल्या जागा त्याच्या दांडीपाशी. अमेरिकन फुटबॉलचं मैदान लांबट चौकोनी, चांगल्या जागा बाजूला, मध्यरेषेच्या समोर. गोल वाडग्यात दोन्ही कोंबले की खुर्च्या कितीही सरकवा, निम्मे प्रेक्षक लांब बसतात नाहीतर मान वाकडी करून. बास्केटबॉलचं तर विचारूच नका. 1979 मध्ये बेसबॉलचा एक चेंडू छताला टांगलेल्या स्पीकरात अडकला तो खाली आलाच नाही. पंचांनी फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा चेंडू, दिला.

घात मात्र आकाराने केला नाही, गळतीने केला. ती थांबवायला छपरावरचा जुना लेप काढायचं ठरलं. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, तो निघेना, म्हणून दाबाच्या पाण्याने धुणं सुरू झालं. लेप खरवडलेल्या छपरावर जोराने पाणी मारायचं म्हणजे ते आत मुरणारच. खालच्या अंगाला आवाज शोषणाऱ्या लाद्या होत्या. त्या पाणी पिऊन जड झाल्या आणि 19 जुलै 1994 रोजी चार लाद्या थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर आदळल्या. दारं उघडायला अर्धा तास होता, म्हणून निभावलं. मग सुमारे 40,000 लाद्या उतरवाव्या लागल्या. त्या कामात क्रेनचा पाळणा कोसळून दोन कामगार गेले. दुरुस्तीचा खर्च 5 कोटी 10 लाख डॉलर, म्हणजे मूळ बांधकामाच्या तीन चतुर्थांश. आणि गंमत अशी, की काँक्रीटचं कवच या सगळ्यात धडधाकटच होतं.

पण एव्हाना बेसबॉल आणि फुटबॉल अशा दोन्ही संघांना आपापली मैदानं हवी होती. 26 मार्च 2000 रोजी सकाळी 8:32 वाजता सुमारे दोन टन स्फोटकांनी किंगडोम 16.8 सेकंदांत खाली बसलं. स्फोटकांसाठी पाडलेली भोकं पाच हजारांवर, पण प्रत्येकात दारू थोडीशीच, कारण खरं काम करायचं होतं छपराच्या वजनाने. बरगड्या ठरावीक क्रमाने तोडल्या की उरलेलं आपसूक खाली येतं. सगळं एकदम सोडलं असतं तर आसपासच्या इमारतींना हादरे बसले असते. भूकंपशास्त्रज्ञांनी ही संधी सोडली नाही. शहरभर यंत्रं लावून त्यांनी तो हादरा टिपला, जमिनीखालचे थर कळावेत म्हणून.

स्टेडियम गेलं तरी त्याचे रोखे फिटायला 2015 उजाडलं. बेसबॉलला 1999 मध्येच सरकत्या छपराचं मैदान मिळालं होतं. किंगडोमच्या जागेवर 2002 मध्ये फुटबॉलचं नवं स्टेडियम आलं. त्यात बहुतेक खुर्च्यांवर छप्पर आहे, मैदान मात्र उघडंच. फुटबॉल पावसातही चालतो, हे 1968 सालीही ठाऊक होतंच.