राख सावडून आल्यावर

आज सकाळी मोक्षधामला मोठ्या मामांची राख सावडली. वरून दूध-पाणी शिंपडलं, तरी मधला ढीग गरमच होता. मामेभावानं घाईघाईत हात घातला अन् चटकन मागे ओढला. घाटावरचा माणूस म्हणाला, "दादा, दमानं. ते आता कुठं जात नाही."

घरी आलो, आंघोळ केली. झोप काही येईना, म्हणून अमेरिकन लेखक एस. ए. कॉस्बीची 'किंग ऑफ ॲशेस' (२०२५) ही कादंबरी पुन्हा उघडली. अर्धी वाचून ठेवली होती. व्हर्जिनियातल्या एका कुटुंबाचं दहनगृह, कर्जात बुडालेला धाकटा भाऊ, मागं लागलेले गुंड. आज नेमकी हीच हाताशी यावी! कॉस्बी स्वतः बाउन्सर होता, अंत्यसंस्काराच्या कामातही राबलाय. त्याच्या पानांतली राख ऐकीव वाटत नाही ती त्यामुळंच असावी.

सूडाचा भाग मला जरा जास्तच होतो, खरं सांगतो. मला त्याची २०२१ ची 'रेझरब्लेड टिअर्स' जास्त लागली. त्यात तुरुंगातून सुटून आलेले दोन बाप आहेत, एक काळा, एक गोरा. त्यांच्या मुलांनी एकमेकांशी लग्न केलेलं, अन् दोघांचाही खून होतो. जिवंतपणी या बापांना मुलांना जवळ घेणं जमलं नाही. मग बंदूक घेऊन निघाले. आता काय उपयोग बे?

मामा आणि मामेभाऊ तीन वर्षं बोलत नव्हते. प्लॉटवरून.

रात्री त्याचा फोन आला. वाटलं, रडेल. म्हणाला, "भाऊ, बोटाला फोड आला बे. बर्नॉल आहे का तुझ्याकडं?"

निघालो ट्यूब घेऊन.