दोन स्पीड कंट्रोलर आणि एक लाल तार : माझा अनुभव

माझ्या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बार्जची (सपाट बुडाच्या मालवाहू बोटीच्या प्रतिकृतीची) डावी मोटर, बार्ज पाण्यात सोडल्यावर आठ-दहा मिनिटांनी बंद पडते, हे गोव्यातल्या मयेच्या तळ्याकाठी तीन रविवार उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले, आणि ती का बंद पडते हे समजायला आणखी पाच आठवडे गेले. ज्यांनी मला सामान विकले त्यांनी एक वाक्य आधी सांगितले असते, तर हे पाच आठवडे वाचले असते. त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

माझे वडील खनिज वाहून नेणाऱ्या एका बार्जवर इंजिन सांभाळत असत. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा त्यांची बार्जही थांबली. तिचीच एक मीटर लांबीची, रिमोटवर चालणारी प्रतिकृती मी गेल्या वर्षी डिचोलीच्या घरी करायला घेतली. मूळ बार्जला दोन इंजिने, दोन पंखे आणि दोन सुकाणू होते, म्हणून प्रतिकृतीतही दोन ब्रश मोटरी, प्रत्येकीला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र) आणि सुकाणूंसाठी दोन सर्वो (सुकाणू वळवणाऱ्या छोट्या मोटरी) घेतले. सांगाडा, शाफ्ट आणि रंगकाम सुरळीत झाले. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची यूपीएसची बॅटरी म्हापशाला मिळाली आणि तिच्या वजनामुळे बार्ज भरलेल्या बार्जसारखी पाण्यात नीट बसली.

कंट्रोलर मात्र बाहेरून मागवावे लागले. मी एकाच जातीचे दोन मागितले होते. विक्रेत्याने एक त्या जातीचा आणि दुसरा वेगळ्याच बनावटीचा पाठवला, आणि फोनवर सांगितले की दोन्ही तीस अँपिअरचेच असल्यामुळे काही फरक पडत नाही. मी ते मान्य केले आणि दोन्ही कंट्रोलरांच्या तीन-तीन तारांची (लाल, काळी आणि सिग्नलची) टोके रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या यंत्राच्या, दोन चॅनेलांत बसवली.

घरात टेबलावर सगळे उत्तम चालले. तळ्यावर काही मिनिटांनी डावी मोटर थांबे, बार्ज डावीकडे गोल फिरू लागे, आणि काठावर आणून झाकण उघडून थोडा वेळ ठेवली की मोटर पुन्हा मुकाट्याने चालू होई. विक्रेता आधी म्हणाला की मोटर सदोष आहे. नवी मोटर यायला सोळा दिवस लागले आणि दोष तसाच राहिला. मग तो म्हणाला की रिसीव्हर कमजोर आहे. तोही बदलला, पुन्हा दोन आठवडे गेले आणि दोष तसाच. या सगळ्या काळात त्याने मला एकदाही विचारले नाही की दोन्ही कंट्रोलरांच्या लाल तारा जोडलेल्या आहेत का.

तो प्रश्न शेवटी बाबांनी विचारला, आणि तोही त्यांच्या भाषेत. झाकण उघडून मी त्यांना दाखवले की डावा कंट्रोलर हात लावता येणार नाही इतका तापला आहे आणि उजवा थंड आहे. ते म्हणाले, "अरे, ह्या रिसीव्हराला वीज कोण देतो? दोघेही? आमच्याकडे दोन जनरेटर होते, पण बोर्डावर एका वेळी एकच घ्यायचो."

अशा कंट्रोलरात बीईसी नावाचा भाग असतो. तो मोठ्या बॅटरीची वीज पाच-सहा व्होल्टांवर उतरवून लाल तारेतून रिसीव्हरला आणि सर्वोंना पुरवतो. मी भिंग घेऊन दोन्ही कंट्रोलरांवरची बारीक अक्षरे वाचली. डावा 6 व्होल्ट देणारा, साध्या लिनियर पद्धतीचा, म्हणजे जादा व्होल्ट उष्णतेत घालवणारा होता आणि उजवा 5 व्होल्ट देणारा, स्विचिंग पद्धतीचा, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्ट उतरवणारा आणि म्हणून कमी तापणारा होता. ज्याचा विजेचा दाब (व्होल्ट) जास्त तोच सारा भार उचलतो, त्यामुळे उजव्याचा बीईसी नुसता बसून होता. दोन सर्वोंनी मिळून एक अँपिअर ओढला, तर 12 मधून 6 वजा जाता उरणारे 6 व्होल्ट म्हणजे 6 वॉट उष्णता त्या बंद पोटात त्या एकट्या कंट्रोलरात साचत होती, आणि ठरावीक तापमानाला तो स्वतःला वाचवण्यासाठी आपल्या मोटरची वीज तोडत होता.

उपाय दहा मिनिटांचा होता. डाव्या कंट्रोलरच्या टोकातील प्लास्टिकची बारीक जीभ टाचणीने उचलून लाल तारेची पिन मागे ओढून काढली आणि तिच्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवली. तार कापू नये, पुढे कधीतरी ती लागते. काळी तार मात्र दोन्हींची ठेवावी, कारण सिग्नल तिच्याच आधाराने मोजला जातो. बीईसी वेगळा घेतला असेल, तर सगळ्याच कंट्रोलरांच्या लाल तारा काढाव्या लागतात.

याच काळ्या तारेबाबत एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र फ्यूज लावावा, पण तो बॅटरीच्या धन तारेवरच लावावा. ऋण तारेवर लावलेला फ्यूज उडाला, तर त्या मोटरचा सारा प्रवाह परतीसाठी रिसीव्हरच्या बारीक काळ्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जळते. मोटर उलटी फिरत असेल, तर मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. बॅटरीच्या तारांची कधीही करू नये, त्याने कंट्रोलर तत्क्षणी जातो.

पुढच्या रविवारी बार्ज मयेच्या तळ्यात चाळीस मिनिटे चालली. रिमोट बाबांच्या हातात होता. त्यांनी डावा पंखा पुढे आणि उजवा मागे लावून ती जागच्या जागी वळवली, जशी ते मांडवीत वळताना पाहत आले होते, आणि मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. घरी आल्यावर उजव्या कंट्रोलरच्या स्विचवर मी लाल चिकटपट्टी लावली, कारण रिसीव्हरची वीज आता त्याच्याकडूनच येते आणि तो चालू करायचा राहिला, तर डावाही हलत नाही.